कोळशाच्या वीजकेंद्रातून निघणारा पारा कमी कसा करता येतो?

मुंबईतल्या ट्रॉम्बे वीजकेंद्राची चिमणी रोज दिसते, तिच्या धुरातला पारा अडवता येतो का, असं तुम्ही विचारलंय. येतो. कोळशात पारा अगदी थोडा असतो, पण भट्टीत जवळजवळ सगळाच वाफ होतो. धुरातली राख पकडणाऱ्या ईएसपी या यंत्रामध्ये राखेला चिकटलेला तेवढा अडकतो. खरी अडचण शुद्ध पाऱ्याच्या वाफेची, ती पाण्यात विरघळत नाही. म्हणून काही ठिकाणी कोळशावर ब्रोमाइड क्षार फवारतात. त्याने पाऱ्याचं रूप बदलतं, तो विरघळतो आणि धुरातलं गंधक काढणाऱ्या एफजीडी या यंत्रणेत धुऊन निघतो. नाहीतर धुरात पारा शोषून घेणारी सक्रिय कार्बनची पूड सोडतात.

पण धुतलेला पारा नाहीसा होत नाही! मला हेच सर्वात महत्त्वाचं वाटतं. ट्रॉम्बेला गंधक समुद्राच्या पाण्याने धुतात, म्हणून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर आणि राखेवरही लक्ष हवं. पाण्यातले जिवाणू पाऱ्याचा विषारी मिथाइल पारा करतात, आणि तो मांदेलीसारख्या लहान माशांपेक्षा सुरमई, मुशी अशा मोठ्या शिकारी माशांत जास्त साठतो.

वीजकेंद्रांसाठीच्या केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१५ च्या नियमांत धुरासाठी ०.०३ मिलिग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा आहे. मोजमापाचे आकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहितीच्या अधिकारात जरूर मागा.