हॉरर, सुपरनॅचरल, पॅरानॉर्मल : मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : 'इंग्रजीत पॅरानॉर्मल, सुपरनॅचरल आणि हॉरर असे तीन वेगळे कथाप्रकार मानतात. मराठीत या सगळ्यांना भयकथाच म्हणायचे का?'

माझ्या मते म्हणू नये. पण तीन प्रतिशब्द शोधले की काम झाले, असेही नाही. हॉरर हे वाचकाचे काय होते त्याचे नाव आहे. सुपरनॅचरल हे कथेतल्या जगात काय काय असू शकते त्याचे. पॅरानॉर्मल म्हटले की त्या घटनेचा पुरावा शोधणारा कोणीतरी गृहीत धरलेला असतो.

हॉररपासून सुरुवात करतो, कारण त्याची व्युत्पत्ती फार सुंदर आहे. लॅटिन 'होरेरे' म्हणजे केस ताठ उभे राहणे, शहारणे. संस्कृतातला 'हृष्' हा धातू त्याचा सख्खा भाऊबंद. दोघांचे मूळ एकच मानतात. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन 'रोमहर्षश्च जायते' म्हणतो तेव्हा तो आनंदात नाही, त्याचे अंग कापते आहे. पुढे आपला 'हर्ष' आनंदाकडे वळला आणि तिकडचा हॉरर भीतीकडे. मराठीत मात्र दोन्ही अर्थ अजून एकत्र नांदतात : अंगावर काटा भीतीने येतो, तसा एखाद्या तानेनेही येतो. हॉररची कसोटी हा काटा आहे. भूत असण्याची अटच नाही. शेजारी राहणारा सभ्य माणूस खुनी निघाला तरी पुरते. म्हणून हॉररला 'भयकथा' हा शब्द अगदी चपखल आहे. एवढेच, की रक्तामांसाचे वर्णन करून मळमळायला लावणारी कथा नाट्यशास्त्राच्या हिशेबाने भयानक रसापेक्षा बीभत्स रसाकडे जास्त झुकते. भयानकाचा स्थायीभाव, म्हणजे रसाच्या मुळाशी असलेला भाव, भय; बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. हा फरक आपल्याकडे इतका जुना असताना तो वापरला पाहिजे.

आता सुपरनॅचरल. विक्रम आणि वेताळाच्या गोष्टी आठवा. स्मशान, झाडाला लोंबणारे प्रेत, त्यात शिरलेला वेताळ, सगळे आहे. पण आपण त्या लहानपणी वाचल्या त्या वेताळाच्या कोड्यासाठी. तळकोकणात आणि गोव्यात गावाचा राखणदार रात्री शिवेवर फिरतो म्हणतात. ऐकणाऱ्याला त्याचा धाक वाटतो आणि आधारही. निसर्गनियमापलीकडचे आहे, पण ही भयकथा नव्हे. याला शब्द कोणता? 'अलौकिक' आता कौतुकाचा झाला आहे, गायकाची प्रतिभाही अलौकिक असते. 'अमानवी' क्रौर्याला चिकटला. 'अद्भुत' चांगला, पण त्याचा स्थायीभाव विस्मय, म्हणजे पुन्हा वाचकाच्या मनाचेच नाव झाले. मी 'अतिमानुष' वापरतो. थोडा जुना वाटेल, पण त्याचा अर्थ अजून झिजलेला नाही.

पॅरानॉर्मल हा या तिघांत सर्वांत तरुण, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. ग्रीक 'पॅरा' म्हणजे बाजूला : नेहमीच्या वाटेच्या शेजारचे, अजून उलगडा न झालेले. १८८२ साली लंडनमध्ये अशा घटनांचा शास्त्रीय अभ्यास करणारी सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च स्थापन झाली, त्याच वर्षी तिचे एक संस्थापक फ्रेडरिक मायर्स यांनी 'टेलिपथी' हा शब्द घडवला. पुढे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी पत्ते न बघता ओळखण्याचे प्रयोग केले आणि १९३४ मध्ये त्यांवर पुस्तक काढले. शब्दाला या प्रयोगशाळेचा वास आहे. म्हणून 'अतींद्रिय' हा प्रतिशब्द मला योग्य वाटतो. पॅरासायकॉलॉजीला 'परामानसशास्त्र' हा शब्द तर रुळलेलाच आहे. इंग्रजी प्रकाशकांनी मात्र 'पॅरानॉर्मल रोमान्स' म्हणून रक्तपिपासू प्रियकरांच्या कथा विकायला सुरुवात केली आणि शब्द सैल झाला. तिथे अतींद्रिय चालणार नाही, 'अतिमानुष प्रेमकथा' म्हणावे.

एकच प्रसंग घेऊ. पिंपळाखालच्या विहिरीचा रहाट रात्री आपोआप फिरतो. तो मुंजा आहे हे गावाने मानले, त्याला नैवेद्य ठेवला आणि कथा त्याच्या रुसव्याफुगव्यावर चालली, तर ती अतिमानुष. कोणी तिथे ध्वनिमुद्रक आणि तापमापक घेऊन रात्रभर बसला, तर अतींद्रिय. आणि एकटी बाई घरात असताना तो कुरकुर आवाज दर रात्री एकेक पाऊल दाराजवळ येऊ लागला, तर भयकथा, मग रहाट फिरवणारा हाडामांसाचा माणूस का असेना.

तो कोणी फिरवला हे शेवटच्या ओळीपर्यंत न सांगता संपणाऱ्या कथेसाठी आपल्याकडे आणखी एक शब्द आहे : गूढकथा. नारायण धारप (१९२५–२००८) म्हटले की मराठी वाचकाच्या तोंडी भयकथा येते आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) म्हटले की गूढकथा, ते उगाच नाही. प्रश्नातल्या तीन इंग्रजी शब्दांपैकी एकही गूढकथेची जागा घेऊ शकत नाही.