प्रोटॉनच्या टकरीतून स्ट्रेंज कण येतात कुठून?

प्रोटॉन अप आणि डाउन क्वार्कांचा (क्वार्क म्हणजे प्रोटॉनसारख्या कणांचे मूलभूत घटक) बनलेला असताना त्याच्या टकरीतून स्ट्रेंज कण, म्हणजे स्ट्रेंज नावाचा क्वार्क असलेले कण, कसे निघतात, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. ते मुख्यतः टकरीच्या ऊर्जेतून नव्याने जन्मतात, आणि तेही जोडीनेच. स्ट्रेंजसोबत त्याचा प्रतिकण अँटिस्ट्रेंज येतोच, कारण प्रबल आंतरक्रिया (क्वार्कांना बांधून ठेवणारं बल) स्ट्रेंजनेसची, म्हणजे स्ट्रेंज आणि अँटिस्ट्रेंज यांच्या हिशेबाची, बेरीज बदलू देत नाही. स्ट्रेंज क्वार्क जड असल्याने अशा जोड्या कमी बनतात. म्हणून फक्त अप-डाउन क्वार्कांचे हलके पायॉन ढिगाने मिळतात, एक स्ट्रेंज क्वार्क असलेले लॅम्डा मोजके, आणि तीन स्ट्रेंज क्वार्कांचा ओमेगा फारच दुर्मीळ.

लॅम्डा ओळखायची रीत मला फार आवडते. त्याला विद्युतभार नसतो, त्यामुळे डिटेक्टरमध्ये त्याचा माग उमटत नाही. पण टकरीच्या जागेपासून काही सेंटिमीटरवर, जिथे काहीच नव्हतं तिथे, एकदम दोन रेघा फुटतात: एक प्रोटॉनची, दुसरी ऋण पायॉनची. चुंबकीय क्षेत्रात त्या विरुद्ध बाजूंना वळतात. दोघांच्या संवेगांवरून मूळ कणाचं वस्तुमान काढत गेलं, की आलेखात १११६ एमईव्हीपाशी (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक, कणांचं वस्तुमानही त्यात मोजतात) टोकदार शिखर उभं राहतं. भौतिकशास्त्रज्ञ रॉचेस्टर आणि बटलर यांनी १९४७ मध्ये क्लाउड चेंबरमधल्या (बाष्पात कणांचे माग दाखवणाऱ्या उपकरणातल्या) अशाच दुफाट्यावरून स्ट्रेंज कणांचा पहिला छडा लावला.

आता यातली खरी विलक्षण गोष्ट. जड अणुकेंद्रकांच्या टकरीत स्ट्रेंज कण वाढले तर ती क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्माची (क्वार्क आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन मोकळे फिरतात अशा अतितप्त अवस्थेची) खूण, असं भौतिकशास्त्रज्ञ राफेल्स्की आणि म्युलर यांनी १९८२ मध्ये मांडलं होतं. पण २०१७ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतल्या अॅलिस प्रयोगाने ७ टीईव्ही (एक टीईव्ही म्हणजे दहा लाख एमईव्ही) ऊर्जेच्या प्रोटॉन टकरींतही तशीच वाढ दाखवली. एका टकरीतून जितके जास्त कण बाहेर पडतात, तितकं पायॉनांच्या तुलनेत स्ट्रेंज कणांचं प्रमाण चढतं. ही वाढ ओमेगाची सर्वांत जास्त, लॅम्डाची त्यामानाने कमी, आणि प्रोटॉनची जवळजवळ नाहीच. म्हणजे वाढ ठरते ती कणात स्ट्रेंज क्वार्क किती आहेत त्यावर.

मग प्रोटॉनच्या टकरीतही प्लाझ्मा तयार होतो का? मी लगेच हो म्हणणार नाही. ग्लुऑन क्षेत्राचे शेजारचे तंतू एकत्र येऊन जास्त ताणाचा दोर बनतो, असं मानणारी मॉडेल्सही ही वाढ बरीचशी समजावून देतात. शिवाय प्लाझ्मातून जाताना जेट, म्हणजे एकाच दिशेने सुटणारे कणांचे झोत, ऊर्जा गमावतात, आणि ते लक्षण प्रोटॉन टकरींत अजून सापडलेलं नाही.