‘मरावे परी कीर्तिरूपे उरावे’ : दगडावर कोरण्याआधी

तुमच्या गावच्या वाचनालयासमोर स्मृतिस्तंभ उभा राहतोय, त्यावर ‘मरावे परी कीर्तिरूपे उरावे’ कोरायचं ठरलंय, आणि खाली ‘दासबोध’ लिहायचं की ‘मनाचे श्लोक’ यावरून समितीत दोन तट पडलेत. माझं म्हणणं, दोन्ही लिहू नका. सज्जनगड डोळ्यांसमोर असलेल्या सातारा जिल्ह्यात तरी समर्थ रामदासांच्या नावावर चुकीचा पत्ता कोरला जाऊ नये.

पुस्तक उघडायच्या आधी ओळ मोठ्यानं म्हणा. ‘म-रा-वे प-री की-र्ति-रू-पे उ-रा-वे’ : लघु (ऱ्हस्व), गुरु (दीर्घ), गुरु असा तुकडा चार वेळा येतो, अक्षरं बरोबर बारा. हे भुजंगप्रयात वृत्त. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ ज्या चालीवर म्हणतो त्याच चालीवर ती बसते. दासबोध मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ओवीत आहे, आणि ओवीत लघु-गुरूचा असा ठरलेला क्रम नसतो. २० दशक (भाग), प्रत्येकी १० समास (प्रकरणं), म्हणजे २०० समास, आणि मध्येच उद्धृत केलेली संस्कृत वचनं सोडली तर त्यात वृत्तबद्ध श्लोक नाही. त्यामुळे दासबोध चाळायची गरजच उरत नाही.

हीच कसोटी ‘केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे’ला लावा. तीही सर्रास दासबोधाच्या नावावर छापतात. भीमरूपीच्या चालीवर म्हणून बघा, चपखल बसते, कारण दोन्ही अनुष्टुभ : आठ-आठ अक्षरांचे चरण, पाचवं अक्षर लघु, सहावं गुरु. म्हणजे हीसुद्धा दासबोधातली नव्हे. उलट ‘सामर्थ्य आहे चळवळीचे’ ही खरोखर दासबोधातली, दशक २०, समास ४, ओवी २६. पण मोर्चाच्या फलकांवर ‘जो जो करील तयाचे’ इथेच ती तोडतात. ‘परंतु येथे भगवंताचे अधिष्ठान पाहिजे’ हा उरलेला अर्धा भाग गळला की ओवीचा अर्थच पालटतो. पत्ता बरोबर आणि अवतरण अर्धवट, ही चूकही तितकीच गंभीर मानावी.

वृत्तावरून ओळ कुठली नाही हे कळतं, कुणाची आहे ते कळत नाही. भुजंगप्रयात काही एकट्या समर्थांचा नाही. त्यामुळे आता मनाचे श्लोक बघायचे. इथे बहुतेक जण चुकतात ते असं : पुस्तकाच्या मागची सूची प्रत्येक श्लोकाच्या फक्त पहिल्या शब्दांची असते. आपली ओळ दुसरा किंवा चौथा चरण असेल तर सूचीत ती येणारच नाही, आणि आपण ‘नाही’ म्हणून पुस्तक मिटतो. सूची सोडा, यमक धरा. या श्लोकांत पहिला-दुसरा आणि तिसरा-चौथा चरण जुळतो, म्हणून ‘-वे’ने संपणाऱ्या जोड्यांवर नुसती नजर टाकत जा. २०५ श्लोक, ८२० चरण, तासाभराचं काम आहे. दोघांनी वेगवेगळं करावं आणि मग ताडून बघावं.

हा चरण त्यात नाही. भाव मात्र आठव्या श्लोकात आहे : ‘देहे त्यागिता कीर्ति मागे उरावी, मना सज्जना हेचि क्रीया धरावी’. अर्थ एक, वृत्त एक, ‘कीर्ति’ आणि ‘उरणे’ हे शब्दही तेच. दोन ओळी एकमेकींत मिसळायला इतकं साम्य पुरतं.

पुढे शोध चालवायचा असेल तर समर्थांची स्फुट (सुटी, छोटी) प्रकरणं असलेली समग्र वाङ्मयाची छापील प्रत घ्या. इंटरनेटवर जुन्या ग्रंथांच्या स्कॅनमध्ये शोधताना आजचं शुद्धलेखन अडवतं. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्याआधीच्या छपाईत ‘मरावें’, ‘कीर्तिरूपें’, ‘उरावें’ असंच असणार. दोन्ही रूपं टाका, आणि अख्खी ओळ न टाकता दोनच शब्द टाका, कारण स्कॅनमधलं एक जोडाक्षर चुकीचं वाचलं गेलं तरी पूर्ण ओळ हाती लागत नाही. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही विसरू नका. त्यात अर्थाशेजारी उदाहरण आणि त्याचा पत्ता असतो. ‘दा’ म्हणजे दासबोध, ‘ज्ञा’ म्हणजे ज्ञानेश्वरी, ‘तुगा’ म्हणजे तुकारामांची गाथा. ओळीतला सर्वांत कमी वापरातला शब्द तिथे काढायचा.

गाथेच्या बाबतीत एक सांगून ठेवतो. अभंगाचा नुसता क्रमांक काही कामाचा नाही, प्रतीगणिक तो बदलतो. प्रत कुठली हे सोबत लिहिलंच पाहिजे.

व्हॉट्सअॅपवरचं चित्र, शाळेतला फळा, दिनदर्शिकेचं पान, शालेय निबंधांचं पुस्तक, यांतलं काहीही पुरावा म्हणून धरू नका. शंभर ठिकाणी ‘दासबोध’ लिहिलेलं दिसलं तरी ते एकाचंच पाहून नव्व्याण्णवांनी उतरवलेलं असू शकतं. दशक-समास-ओवी असा आकडा ज्यानं दिलाय त्याचंच तपासायचं.

स्तंभासाठी माझा सल्ला : आठव्या श्लोकाचे ते दोन चरण घ्या आणि खाली ‘मनाचे श्लोक, ८’ लिहा. कुणीही पुस्तक उघडून पडताळू शकेल. लोकांच्या तोंडची ओळच हवी असेल तर ती नावाशिवाय कोरा, किंवा फार तर ‘प्रचलित वचन’ म्हणा. मजकूर कारागिराला फोनवर सांगू नका, छापलेला कागद द्या. ‘कीर्तिरूपे’ हा एकच शब्द आहे आणि त्यातला ‘र्ति’ ऱ्हस्व आहे. ‘कीर्ती रूपे’ असं तोडून कोरलं तर लघूच्या जागी गुरु येतो आणि म्हणताना ओळ तिथेच अडखळते.