भूप आणि देसकार यांचे स्वर सारखेच असताना ते दोन राग कसे? थाट, वादी-संवादी पाठ करायलाच हवेत का?

आपण लिहिले आहे की मुलगी गाणे शिकते, दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर तिला दिसतात, आणि परिभाषेचे पाठांतर तिला जड जाते. यातल्या पहिल्या प्रश्नावर आमच्या घरात जुना वाद आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

एका घरगुती समारंभात मी सकाळी देसकार गायले. गाणे संपताच आत्याच्या यजमानांनी, जे पेटी उत्तम वाजवतात, सर्वांसमक्ष सांगितले की हिने भूपच गायला आणि तोही भलत्या वेळी. पुराव्यादाखल त्यांनी पाचही स्वर वाजवले आणि पाहुण्यांनी माना डोलावल्या. ते मला फार लागले, कारण देसकारातल्या त्या धैवतासाठी, म्हणजे 'ध' या स्वरासाठी, गुरुजींनी मला कितीतरी सकाळी तंबोरा घेऊन बसवले होते. 'ध, ध प, ग प ध प' एवढेच म्हणायचे, धैवतावर ठाम उभे राहायचे; गंधारावर (ग) जरा रेंगाळले की गुरुजी हात वर करून म्हणत, "भुपात गेलीस." भूप पूर्वांगप्रधान आहे, म्हणजे त्याचा भर सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागावर असतो: त्याचा वादी (सर्वांत महत्त्वाचा स्वर) गंधार, संवादी (त्याच्या खालोखालचा) धैवत, आणि मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवताला स्पर्श करून तो पुन्हा गंधारावर येऊन विसावतो. देसकारात वादी धैवत व संवादी गंधार असतो, ऋषभ (रे) दुर्बल असतो, आणि विस्तार उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात, तार षड्जाच्या (वरच्या 'सा'च्या) ओढीने होतो. भर कुठल्या अंगावर आहे यावरून रागाची वेळ ठरवण्याचा संकेत आहे, म्हणूनच भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात आणि देसकार सकाळी.

थाटाचे, म्हणजे राग ज्यांत वर्गीकृत करतात त्या सात स्वरांच्या साच्याचे म्हणाल, तर संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या (१८६०–१९३६) दहा थाटांच्या पद्धतीत भूप कल्याण थाटात आणि देसकार बिलावल थाटात येतो. या दोन थाटांत फरक केवळ मध्यमाचा (म), कल्याणात तीव्र (चढा) आणि बिलावलात शुद्ध. आणि या दोन्ही रागांत मध्यम वर्ज्यच आहे, म्हणजे तो घेतच नाहीत! अर्थात, नुसते स्वर मोजून त्यांचा थाट ठरवताच येत नाही, तो चलनावरूनच, म्हणजे रागात स्वर कसे फिरतात यावरूनच ठरवावा लागतो. हे मी यजमानांना अनेकदा सांगितले, तरी ते पेटीवरून हलायला तयार नाहीत. चलन गळ्यावर चढण्याआधी मुलांकडून थाट आणि वादी-संवादी घोकून घेणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलगी परीक्षेला बसणार असेल, तर मात्र व्याख्या पाठ कराव्याच लागतील, कारण त्या विचारल्या जातात. शिवाय काही रागांच्या वादी स्वराबद्दल जाणकारांतही मतभेद आहेत, तेव्हा तिच्या गुरूंनी सांगितलेलेच तिने लिहावे. आणि घरातले कोणी पेटीवर तेच पाच स्वर वाजवून राग एकच असल्याचे सांगू लागले, तर त्यांना पेटी बाजूला ठेवून आधी देसकाराचा धैवत आणि मग भूपाचा धैवत गाऊन दाखवण्याची विनंती करावी. आमच्याकडे ती विनंती अजून कोणी मान्य केलेली नाही.