पुढचे दार बदलताना लाकूड, पोलाद, फायबर आणि यूपीव्हीसी यांपैकी काय निवडावे?

आपले जुने लाकडी पुढचे दार पावसात फुगून चौकटीत अडकते, ते काढून त्या जागी कशाचे दार बसवावे, असे आपण विचारले आहे. शिवाय घरातील सर्वांचे म्हणणे ‘काहीही घ्या, पण लाकूड नको’ असे असल्याचेही लिहिले आहे. हे वाक्य मी आमच्या घरात अनेक वर्षे ऐकले आहे आणि ते चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

आमचे पुढचे दार वडिलांनी स्वतः लाकूड निवडून करून घेतलेले होते. सागवानाच्या जाड उभ्या फळ्या, मागून आडव्या पट्ट्या, तोंड पश्चिमेला आणि वर जेमतेम हातभर छज्जा. दर पावसाळ्यात दाराचा कुलपाकडचा खालचा कोपरा चौकटीत अडकू लागे, आणि माझा थोरला भाऊ सुताराला बोलावून तेवढ्या कडेला रंधा मारून घेई. पाऊस संपून लाकूड सुकले की तिथेच फट पडे आणि पुढच्या वर्षी दार पुन्हा अडके. रंधा मारलेल्या कडेला रंगाचा हात द्यावा, असे मी दोनदा सांगितले. दादाचे उत्तर ठरलेले होते, ‘लाकडाचा गुणच तो, रंगाने काय होणार?’ अखेर त्याने दार काढून पोलादी दार बसवायचे ठरवले. बिजागऱ्या सोडवून दार आडवे ठेवल्यावर मी त्याच्या खालच्या कडेवरून हात फिरवला. कड काळी पडली होती, तंतू सुटे झाले होते आणि नख सहज आत रुतत होते. वीतभर वर मात्र तेच लाकूड खणखणीत, पिवळसर आणि कोरडे होते. त्या खालच्या कडेला पहिल्या दिवसापासून रंगाचा एक थेंबही लागलेला नव्हता.

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, ते रुंदीत फुगते. आणि फळीच्या सपाट अंगापेक्षा तिच्या टोकाकडून, म्हणजे तंतू जिथे आडवे कापले जातात तिथून, पाणी कितीतरी वेगाने आत शिरते. उभ्या फळ्यांच्या दाराची संपूर्ण खालची कड म्हणजे अशी उघडी टोकेच असतात. उंबरठ्यावर साचलेले पाणी तीच शोषून घेत होती, म्हणून दार फक्त खालीच फुगत होते. आणि रंधा मारून आम्ही आणखी एक कड उघडी करून देत होतो. दोष लाकडाचा नव्हता.

त्यानंतर आलेल्या पोलादी दारात जस्ताचा थर दिलेले दोन पत्रे होते आणि मध्ये कागदी जाळी भरलेली होती. पहिल्याच उन्हाळ्यात दुपारी चारनंतर त्याचे कुलूप फिरेनासे झाले. बाहेरचा पत्रा उन्हाने तापून ताणला जातो आणि आतला तुलनेने थंड राहतो, त्यामुळे दाराला किंचित बाक येतो. सात फूट उंचीच्या पत्र्याचे तापमान ४० अंशांनी वाढले, तर त्याची लांबी सुमारे १ मिलिमीटर वाढते, आणि कुलपाची जीभ अडायला तेवढे पुरते. चार वर्षांत रंगाला फोड आले, तेही खालच्याच कडेला, जिथे लाकूड कुजले होते नेमके तिथे. तो गंज मी दादाला बोट ठेवून दाखवला. ‘पत्राच हलका निघाला,’ एवढेच तो म्हणाला.

म्हणून साहित्य निवडण्यापूर्वी दारावर ऊन आणि पाऊस थेट किती पडतात ते पाहावे. छज्जा पुरेसा खोल असेल किंवा पुढे ओसरी असेल, तर नीट सुकवलेल्या लाकडाचे, खाचांत मोकळ्या बसवलेल्या तावदानांचे, म्हणजे मधल्या लाकडी फळ्यांचे, दार घ्यावे. तावदान खाचेत डिंकाने चिकटवलेले नसल्यास फुगण्या-आकसण्याला जागा मिळते आणि चौकोन बिघडत नाही. सहाही बाजूंना, विशेषतः वरच्या आणि खालच्या कडेला, बसवण्यापूर्वीच रंग किंवा वार्निश लावून घ्यावे, आणि पुढे कधी रंधा मारावा लागला तर त्याच दिवशी ती कड पुन्हा बंद करावी. ऊन-पाऊस थेट अंगावर येणार असतील, तर माझी पसंती फायबरच्या, म्हणजे काचतंतू आणि राळ यांच्या, दाराला आहे, कारण ते फुगत नाही आणि गंजतही नाही. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिक, पाण्याला उत्तम आहे, परंतु उन्हात ते पोलादाच्या पाच-सहा पट प्रसरण पावते, म्हणून कडक उन्हात गडद रंगाचे घेऊ नये. भुसा दाबून केलेल्या फळीचे दार बाहेरच्या बाजूला कोणी फुकट दिले तरी बसवू नये.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. घर समुद्राजवळ असेल, तर पोलादाचा विचार सोडून द्यावा. इमारतीच्या नियमांत आगरोधक दार सक्तीचे असेल, तर वरील सर्व आवडीनिवडी बाजूला ठेवून प्रमाणित दारच घ्यावे लागेल. केवळ सुरक्षेसाठी पोलाद घेत असाल, तर दार बहुधा फळीत फुटत नाही, कुलपाजवळच्या चौकटीत फुटते, हे लक्षात घ्यावे. चौकट भिंतीत घट्ट असणे आणि कुलपाची जीभ जिच्यात शिरते त्या चौकटीवरच्या पट्टीला लांब स्क्रू असणे अधिक महत्त्वाचे आहे. आणि चौकटच कुजली असेल, तर तीसुद्धा बदलावी.

मात्र नवे दार मागवण्यापूर्वी एक छोटा आरसा जुन्या दाराखाली सरकवून त्याची खालची कड पाहावी. ती कोरी दिसली आणि नख आत रुतले नाही, तर कोरड्या दिवसांत दार उतरवून, चांगले सुकवून, त्या कडेला रंगाचे दोन-तीन हात द्यावेत आणि एक पावसाळा वाट पाहावी. कदाचित नवे दार लागणारच नाही. आमच्या दाराचा खालचा हातभर लांब तुकडा मी कापून ठेवला आहे. वडिलांनी दिलेला रंग त्याच्या समोरच्या अंगावर अजून शाबूत आहे आणि कडेवर वळण्यापूर्वीच तो सरळ रेषेत संपतो.