पंख मढवण्याआधी

पोरा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, फोटोही बघितले. चार पानांपैकी अडीच पानं तू बांधत असलेल्या विमानाच्या इंजिनावर खर्च केलीस आणि ज्या प्रश्नाने तुझी झोप उडालीय तो शेवटच्या दोन ओळींत उरकलास. "कापड आलंय. बाबा म्हणतात, मिरगाआधी पंख मढवून टाक आणि माळ्यावर चढव. टाकू का?"

नको टाकू.

बाबांवर रागावू नकोस. पावसाआधी झाकलं ते वाचलं, हा आपल्या कोकणातल्या माणसाचा जन्माचा हिशेब. पण घर गळलं तर थेंब डोक्यावर पडतो आणि कळतं. पंख आतून कुजतो तेव्हा बाहेरून नव्या मढवलेल्या पखवाजासारखा टणटणीत वाजतो. म्हणून आतलं काम दुसऱ्या माणसाने बघितल्याशिवाय पंखावर कापड चढवायचं नाही. दुसऱ्या माणसाने, तू नव्हे. तू दहा वेळा बघितलंस तरी ते एकदाच बघणं, कारण दहाही वेळा तुला तेच दिसणार जे तू केल्याचं तुला आठवतंय.

हवाई दलात मी एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम करणारा. कंट्रोलच्या जोडणीला हात लावला की दोन सह्या लागायच्या, एक काम करणाऱ्याची आणि एक ते न करणाऱ्याची. दुसरा माणूस टॉर्च आणि आरसा घेऊन यायचा, आत मान घालायचा, मग पॅनल बंद. आम्ही कुरकुरायचो. निवृत्त होऊन गावी आलो, मांगरात एका माणसापुरतं छोटं विमान बांधायला घेतलं, आणि सर्वात आधी हीच गोष्ट विसरलो.

1997 चा मे. आभाळ भरून यायला लागलं होतं, आणि मलाही तुझ्यासारखंच वाटलं की कापड चढलं म्हणजे काम सुरक्षित. शेजारी होड्या बांधणारा एक म्हातारा सुतार होता. रोज संध्याकाळी येऊन दारात उभा राहायचा, पंखाकडे बघायचा. एकदा म्हणाला, "बघू काय एकदा आत?" मी म्हटलं, "ही होडी नव्हे." तो काही बोलला नाही, विडी पेटवून गेला. या माणसाने जन्मभर पाण्यात जाणारे सांधे तपासले होते, अंधारात नुसत्या बोटांनी. आणि मी त्याला दारात उभा ठेवला. आता तो नाही.

मी कापड चढवलं. कापड आकसून ताठ बसावं म्हणून इस्त्री तापवून, थर्मामीटर लावून, शेवटचा हात 350 अंश फॅरनहाइटवर. एक सुरकुती राहिली नाही. रात्री दोनदा उठून टिचकी मारून आलो, आवाज ऐकायला.

ऑक्टोबरात दोघांनी मिळून पंख उचलला तर आत काहीतरी घरंगळत मुळापासून टोकापर्यंत गेलं. परत कलता केला, परत आलं. नट होता. हातातून पडलेला जादाचा, की कुठून तरी निसटलेला? बाहेरून सांगता येईना. म्हणून ब्लेड घेतलं आणि महिनाभराचं काम उभं फाडलं.

एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी. तिला हलवणाऱ्या कोनी दांड्यावर, बेलक्रँकवर, तीन-सोळांश इंची बोल्ट होता, एएन-3 मापाचा. त्याला 20 ते 25 इंच-पौंड टॉर्क द्यायचा, म्हणजे मोजून तेवढाच आवळायचा, वर खाचांचा कॅसल नट, आणि तो फिरू नये म्हणून त्यात स्प्लिट पिन. टॉर्क नव्हता, पिन नव्हती. नट बोटाने फिरत होता. मला स्वच्छ आठवत होतं की पिन घातलीय, दोन्ही टोकं वाकवल्याचंसुद्धा आठवत होतं! आणि पुढे स्ट्रटच्या, म्हणजे पंखाला आधार देणाऱ्या दांड्याच्या, ब्रॅकेटखाली पांढरी पूड. अॅल्युमिनियमची नळी, त्यावर स्टीलचं ब्रॅकेट, मध्ये खारट ओल. म्हणजे बॅटरीच की ती, आणि त्यात खाल्लं जातं ते अॅल्युमिनियम. ट्रॉलरच्या बुडाला जस्ताच्या पट्ट्या लावतात त्या याचसाठी, स्टीलऐवजी जस्ताने झिजावं म्हणून. बाकी सगळीकडे मी झिंक क्रोमेटचा गंजरोधक प्रायमर मारला होता. त्या एका जागी राहिला. नखाने खरवडलं तर नळीला खड्डा.

घरंगळणारा नट कुठला होता ते आजही ठाऊक नाही.

आता तुझा तिसरा फोटो काढ. स्ट्रटच्या ब्रॅकेटला चकचकीत बोल्ट दिसतायत ते बंदरावरच्या दुकानातले स्टेनलेसचे ना? स्टेनलेस स्वतः गंजत नाही, शेजारच्या अॅल्युमिनियमला खातं. शिवाय ते विमानाच्या मापाचे नाहीत. काढ ते. आणि खालच्या बोल्टचं डोकं खाली, नट वर आहे. उलटं कर. नट निसटला तरी बोल्ट वजनाने जागेवर राहावा, एवढ्यासाठी डोकं वर. हे मला एका धुरकट फोटोत दिसलं. तुला वर्षभर समोर असून दिसलं नाही. तुझी अक्कल काढत नाहीये. मलाही माझं दिसलं नव्हतं.

गावात लोक सांगतात की मी घाबरलो, म्हणून विमान कधी उडवलं नाही. तुझ्याही कानावर आलं असेल, तू सभ्यपणे विचारलं नाहीस. मी घाबरलो नाही. ती नळी बदलायला पैसे नव्हते, मग मुलीचं लग्न, मग आईचं दुखणं. बरं, थोडा घाबरलोही. ज्या हाताला न घातलेली पिन आठवते त्या हातावर माझा भरवसा राहिला नाही, आणि दुसरी सही करणारा मीच दारातून परत पाठवला होता. मांगरात पंख अजून टांगलाय, कोंबड्या बसतात त्यावर.

पावसाळ्यात उघड्या पंखाचं काय करायचं ते सांगतो. गोड्या पाण्याने धू, पूर्ण वाळव, सांध्या-सांध्यांत प्रायमर मार. नळ्यांची तोंडं बुचांनी बंद कर, नाहीतर कुंभारीण आत मातीची घरं करील. माळ्यावर टांग, वरून जुनं सुती लुगडं घाल. प्लॅस्टिक नको, आत घाम धरतं. कापडाचं बंडल कोरड्या ट्रंकेत राहील, त्याला घाई नाही.

इंजिनाचं पुढच्या पत्रात. तोवर एवढंच की पंपावरच्या पेट्रोलात आता इथेनॉल असतं. मापाच्या नळीत थोडं पाणी आणि पेट्रोल घालून हलवून ठेव, पाण्याची रेषा जेवढी वर चढेल साधारण तेवढं इथेनॉल. ते बघ आणि मगच फायबरच्या टाकीचा विचार कर. कागदपत्रांना आत्तापासून लाग. अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान 2016 साली मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात सगळ्यांनी बघितलं, नोंदणीला 2017 उजाडलं. परवानगीशिवाय सड्यावर "नुसती एक उडी" मारायचं डोक्यात असेल तर मला पुन्हा लिहू नकोस. आणि शिवकर तळपद्यांनी 1895 साली चौपाटीवर विमान उडवलं म्हणतात, त्याचा धड पुरावा नाही. असता तरी तुझ्या बेलक्रँकमध्ये पिन त्याने गेली नसती.

पंख टेम्पोत घालून इकडे आण, उघडाच. टॉर्च, दातांच्या डॉक्टरकडचा असतो तसला छोटा आरसा, आणि तुझी वही. मी बघेन आणि सही करीन. पण माझा उजवा डोळा मोतीबिंदूने धूसर झालाय, तेव्हा तुमच्या बंदरावरचा कुणी होडीवाला सुतार बरोबर घेऊन ये. त्याला दारात उभा ठेवू नकोस.

तुझा,
काका