मालकाच्या सहीवाचून पीएफ निघतो

प्रश्न : वेंगुर्ले तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात मी 2011 ते 2019 सोलणीला होते. कारखाना बंद पडला. मालकाकडे पीएफच्या फॉर्मवर सही मागितली तर म्हणतात, "आधी उचल फेड." पीएफला माझं माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. वय 46. पैसे मिळतील का?

उत्तर : ताई, मिळतील. आणि सहीसाठी मालकाला एक रुपयाही देऊ नका. उचल खरी असेल, पण तो वेगळा व्यवहार आहे. तिच्यासाठी पीएफ अडवायचा अधिकार मालकाला नाही. या रकमेवर कर्जापायी जप्तीसुद्धा आणता येत नाही. बायकांच्या घामाचा पैसा असा धाक घालून अडवलेला पाहिला की मला संताप येतो.

2017 पासून आधार जोडलेल्या सदस्याला मालकाच्या सहीशिवाय दावा करता येतो. नोकरी सोडल्याची तारीखही 2020 पासून आपली आपल्याला नोंदवता येते. बँक खातं जोडायला मालकाची मंजुरी लागायची, तीही एप्रिल 2025 मध्ये गेली. म्हणजे तुमचं घोडं अडलंय ते नावापाशी.

आधी लग्नाच्या नोंदणीचा दाखला काढा. गावात नोंदणी ग्रामसेवकाकडे होते, झाली नसेल तर आता करून घ्या. मग नावदुरुस्तीचा संयुक्त घोषणापत्राचा फॉर्म भरा. त्यावर एरवी मालकाची सही लागते, पण आस्थापना बंद असेल तर राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या अधिकृत व्यक्तीच्या साक्षांकनावर पीएफ कार्यालय तो घेतं. जन्मतारीखही आधारशी ताडून पाहा. तिच्यात फरक असेल तर याच फॉर्मात दुरुस्त करा, नाहीतर पुन्हा हेलपाटा.

नाव जुळलं की यूएएनच्या (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाका. पीएफच्या पासबुकात शेवटची वर्गणी ज्या महिन्याची दिसते, त्याच महिन्यातली तारीख हवी. घाई करू नका, एकदा नोंदलेली तारीख तुम्हाला बदलता येत नाही. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, तेव्हा तो नंबर चालू ठेवा. मग फॉर्म 19 भरला की पीएफची रक्कम खात्यात येते. नोकरी पाच वर्षांहून जास्त झाल्यामुळे टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतला जाणारा आयकर, कापला जाणार नाही.

पेन्शनच्या भागाचा मात्र नीट विचार करा. फॉर्म 10सी भरून तोही काढता येतो, पण मी म्हणेन, पैसे न घेता योजना प्रमाणपत्र, म्हणजे झालेली वर्षं पुढच्या नोकरीत जोडून घ्यायचा दाखला, घ्या. तुमची आठेक वर्षं झाली आहेत. पुढे पीएफ लागू असलेल्या दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं आणि एकूण दहा वर्षं भरली, तर 58 व्या वर्षापासून तहहयात पेन्शन सुरू होईल. घरात अगदीच नड असेल तर गोष्ट वेगळी.

पीएफच्या पासबुकातली एकेका महिन्याची नोंद तपासा. पगारातून कापलेली रक्कम एखाद्या महिन्यात जमा दिसत नसेल तर पगाराची चिठ्ठी, हजेरी कार्ड, जे हाती असेल ते जोडून पीएफ कार्यालयात लेखी तक्रार करा. वसुली करणं त्यांचं काम आहे.

दर महिन्याच्या 27 तारखेला 'निधी आपके निकट' हे पीएफचं शिबिर जिल्ह्यात भरतं. आधार, बँक पासबुक, लग्नाचा दाखला आणि कारखान्याचा जो असेल तो कागद घेऊन तिथे जा. तिथेही कोणी मालकाची सही मागितलीच, तर नकाराचं कारण लेखी मागा आणि तो कागद घेऊन माझ्याकडे या.